ऑलमन ब्रदर्स बँडचा 'अ‍ॅट फिलमोर ईस्ट' कोणत्या आवृत्तीत ऐकावा?

तुम्ही विचारलंय की या अमेरिकन रॉक बँडच्या थेट मैफलींचा मूळ अल्बम घ्यावा, रीमास्टर की मोठा संच. पहिल्यांदाच ऐकत असाल तर मूळ सात गाण्यांचाच घ्या, रीमास्टर केलेला असला तरी चालेल. मार्च 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या सभागृहात झालेल्या मैफलींतून निर्माते टॉम डाऊड यांनी ही निवड केली, आणि ती इतकी नेमकी आहे की एकही गाणं काढावंसं वाटत नाही.

रीमास्टरमध्ये सगळी वाद्यं एकत्र करून तयार झालेल्या मिश्रणाचाच आवाज स्वच्छ करतात. रीमिक्समध्ये प्रत्येक वाद्याची पातळी नव्याने ठरते. 1992 चा 'द फिलमोर कॉन्सर्ट्स' हा याच मैफलींचा रीमिक्स आहे, तोही डाऊड यांचाच. म्हणून तो कानाला वेगळा लागतो.

2014 चा सहा सीडींचा संच मात्र वेड लागल्यावरच घ्या. त्यात तीच गाणी वेगवेगळ्या खेळांत ऐकू येतात. आपल्याकडे एकाच गवयाचा एकच राग दोन मैफलींत ऐकताना जो आनंद मिळतो, तोच इथे मिळतो. बँडचा गिटारवादक ड्वेन ऑलमन याची स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवत वाजवलेली) दर वेळी नवी वाट काढते. या मैफलींच्याच वर्षी, ऑक्टोबर 1971 मध्ये, मोटरसायकल अपघातात तो गेला, अवघ्या 24 व्या वर्षी. त्यामुळे त्याचं हे प्रत्येक वादन मला फार मोलाचं वाटतं.

सुरुवात अल्बममधल्या 'व्हिपिंग पोस्ट' या गाण्याने करा. तेवीस मिनिटं आहेत, हेडफोन लावून, मध्ये न थांबता ऐका.