जातिवंत कुत्र्यांना डॉग शोमध्ये उतरवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे का?

शोच्या दिवसापुरतं विचाराल तर बहुतेकदा नाही. टेबलावर उभं राहायची, अनोळखी माणसाने तोंड उघडून दात बघायची सवय लहानपणीच लागलेलं कुत्रं रिंगमध्ये मजेत फिरतं. जे शेपूट पोटाशी घेऊन, कान पाडून चालतं त्याला घरी ठेवा, विषय संपला.

खरा अन्याय जिंकल्यावर सुरू होतो. चॅम्पियन नराला क्रॉसिंगसाठी मागणी येते आणि त्याचं नाक, त्याची पाठ पुढच्या कितीतरी पिल्लांत उतरते. त्या पिल्लांना धाप लागली की ब्रीडर सांगणार, ‘या जातीत घरघर नॉर्मल असते.’ हे वाक्य मला सहन होत नाही. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांच्या जबड्याचं हाड माणसाने निवडून निवडून आखूड केलं, आतलं मांस मात्र त्या प्रमाणात कमी झालं नाही. मऊ टाळू श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबतो, नाकपुड्यांची नुसती चीर उरते. एवढ्याशा फटीतून हवा ओढायला कुत्रं जोर लावतं, त्या ओढीने स्वरयंत्राजवळच्या छोट्या पिशव्या उलटून बाहेर येतात आणि वाट आणखी अरुंद होते. कुत्रं अंग थंड करतं ते मुख्यतः धापा टाकून. तीच वाट बंद असेल तर उन्हात ते जिवानिशी जातं.

हे तपासता येतं. आधी समोरून नाकपुड्या बघा: स्वल्पविरामासारख्या उघड्या हव्यात. मग गळ्याला स्टेथोस्कोप लावून शांत असताना ऐका, तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवा, लगेच पुन्हा ऐका. नुसतं बसलेल्या कुत्र्याला ऐकलं तर फसाल, कारण दोष बऱ्याचदा पळाल्यावरच ऐकू येतो. (बसल्या जागीच घरघरत असेल तर पळवू नका, सरळ डॉक्टरकडे न्या.) केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटनचा केनेल क्लब (जातिवंत कुत्र्यांची नोंदणी करणारी संस्था) यांनी 2019 साली याच पद्धतीवर 0 ते 3 श्रेणी सुरू केली. श्रेणी डॉक्टरच देतात, कुत्रं वर्षाचं झाल्यावर, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा. 3 आली तर त्या कुत्र्यापासून पिल्लं घ्यायची नाहीत.

‘जजला काय दिसत नाही का?’ असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी ब्रिटनमधल्या क्रफ्ट्स या मोठ्या डॉग शोचं 2012 साल आठवावं. 15 जातींच्या विजेत्यांना पुढच्या फेरीआधी डॉक्टरांनी बघायचं ठरलं आणि 6 परत पाठवले गेले: बुलडॉग, पेकिनीज, मॅस्टिफ, निआपोलिटन मॅस्टिफ, बॅसेट हाउंड, क्लम्बर स्पॅनियल. जजने आपापल्या जातीत पहिली ठरवलेली कुत्री होती ही. प्रदर्शक चिडले ते डॉक्टरांवर. चिडायचं होतं ब्रीड स्टँडर्डचा, म्हणजे जातीचं कुत्रं कसं असावं याच्या लेखी वर्णनाचा, अर्थ लावणाऱ्यांवर, कारण ‘तोंड आखूड’ असं लिहिलं की जितकं आखूड तितकं चांगलं, असा तो लावला जातो.

रक्ताच्या शुद्धतेचा आग्रह तर याहून वाईट. शुद्ध डाल्मेशियनमध्ये युरिक अॅसिडचा दोष घट्ट बसला होता, त्यातून मूतखडे व्हायचे. 1973 साली अमेरिकेत एकदाच पॉइंटर या दुसऱ्या जातीशी क्रॉस केला, मग पिढ्यानपिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच, आणि निरोगी जनुक जातीत परत आलं. अमेरिकन केनेल क्लबने ही कुत्री कायमची स्वीकारली 2011 मध्ये. इतकी वर्षं मूतखडे चालले, पण पॉइंटरचं रक्त चाललं नाही.

सगळ्या जातींचं असं नाही, हेही सांगायला हवं. व्हिपेटसारख्या सडपातळ, वेगवान जातीत शोचं कुत्रं पळूनही दाखवतं, आणि खुब्याचे एक्स-रे, बहिरेपणाची चाचणी हे सगळं मनापासून करणारे लोक शोमध्येच भेटतात. तुम्हाला उतरायचंच असेल तर पिल्लू घेताना वंशावळीच्या कागदासोबत आईबापांचे हे रिपोर्ट मागा आणि आईची किती बाळंतपणं सिझेरियनने झाली ते विचारा. बुलडॉगच्या ब्रीडरला तर हे सगळ्यात आधी विचारा.