गोव्यातल्या डोंगरात लहान मुलांना घेऊन तंबूत राहायचं तर कुठे आणि कधी जावं?

तुमची मुलं चार आणि सात वर्षांची, सत्तरीत किंवा सांगेकडे एक रात्र तंबूत काढायची आहे, आणि कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की "पाण्याच्या कडेला जागा बघा, मुलं रमतात." हे वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायलाच बसले. पाण्याच्या कडेला तंबू घालू नका. रमायला अख्खा दिवस आहे, झोपायला वर जा.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. माझा थोरला आठ वर्षांचा, धाकटी साडेतीन. केरीच्या पुढे, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी नवऱ्याच्या ओळखीच्यांचं कुळागर (पोफळींची बाग) आहे, त्याच्या खालून व्हाळ, म्हणजे ओढा जातो. मी म्हणत होते जेवून दोनला निघू, उजेडात जागा बघू. धाकट्या दिरांनी डिचोलीच्या बाजारात हे घेऊ, ते घेऊ करत वेळ काढला. पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. दिरांनी व्हाळाच्या काठची सपाट जागा पसंत केली. "वहिनी, इथे एक दगड टोचणार नाही. पाण्याच्या आवाजाने पोरं कशी झोपतात बघा." मी वर मालकांच्या घराजवळचं खळं सुचवलं. ते म्हणाले, खळ्यात झोपायचं तर घरी काय वाईट होतं? नवरा हसला, मी गप्प बसले. तिथे गप्प बसले याची रुखरुख आजही आहे.

त्या जागेत खरोखरच दगड नव्हता. मऊ वाळू होती आणि गवत सगळं एकाच बाजूला लोळलेलं होतं. ती जागा पाण्यानेच सपाट केली होती, पण अंधार पडत आला होता, चूल पेटवायची होती, मुलांना भूक लागली होती. माझ्या ते लक्षात आलं नाही.

भात झाल्यावर मी टोप व्हाळातल्या एका रुंद दगडावर घासला आणि तिथेच पालथा घालून आले. आमच्या डोक्यावर चांदण्या होत्या. पूर्वेला घाटावर मात्र विजा चमकत होत्या, गडगडाट नव्हता. परतीच्या पावसाचं हे असंच असतं. दिवसभर ऊन तापतं, संध्याकाळी ढग घाटमाथ्यावर चढतात, पाऊस वर कोसळतो आणि खाली तुमच्या अंगावर थेंबही पडत नाही. खाली येतं ते नुसतं पाणी.

साडेअकराच्या सुमारास मला जाग आली ती आवाजाने. झोपताना व्हाळ खळखळत होता, मधेच थांबल्यासारखा, मधेच दगडावरून उडी मारल्यासारखा. आता मधे खंडच नव्हता, जात्यासारखी एक सलग घरघर. आणि ओल्या मातीचा वास. बॅटरी मारली. पाणी चहासारखं लाल, त्यावरून पोफळीची एक वाळकी झावळी वाहत गेली. टोप दिसेना. मग कळलं, टोप सोडा, दगडच दिसत नव्हता.

मी मुलांना उठवलं. धाकटीला चादरीत गुंडाळून खांद्यावर घेतलं, थोरल्याला बूट घातले, नवऱ्याच्या हातात काठी दिली आणि वर चालू लागलो. दिर तंबूतूनच म्हणाले, "उगाच घाबरता वहिनी, काही होत नाही." शेवटी तेही आले. मालकांच्या पडवीत कांबळी अंथरली. म्हातारे मालक एवढंच म्हणाले, "थंय कित्याक घातलो तंबू? चवथीक थंय उदक आशिल्लें." म्हणजे, तिथे कशाला घातला तंबू, गणेश चतुर्थीला तिथे पाणी होतं.

सकाळी जाऊन पाहिलं. पाणी ओसरलं होतं. पालापाचोळ्याची ओळ तंबूच्या खुंट्यांपासून चार पावलांवर थांबली होती. टोप गेला तो गेलाच.

तेव्हापासून आमच्या घरी दर चवथीला हा विषय निघतो. दिरांचं म्हणणं, पाणी तंबूपर्यंत आलंच नाही, वहिनींनी सगळ्यांची रात्र खराब केली, उलट काळोखात मुलांना घेऊन चालणंच जास्त धोक्याचं, वाटेत फुरसं किंवा घोणस असती तर? सापाचा मुद्दा खरा आहे, मी तो नाकारत नाही. म्हणूनच बूट, काठी आणि बॅटरी. पण ती वाट मी संध्याकाळी दोनदा चढले-उतरले होते, आणि पाणी चार पावलांवर थांबेल हे रात्री साडेअकराला कोणाला ठाऊक होतं? सकाळी मोजलेली पावलं रात्री मोजता येत नाहीत, भावोजी. लहान मूल बरोबर असताना जो कोणी "उठा" म्हणेल त्याचं ऐकायचं आणि वाद दुसऱ्या दिवशी घालायचा.

आता तुमचा प्रश्न. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत जा. डिसेंबरात सत्तरीत पहाटे चांगलं गारठतं, मुलांना कानटोपी आणि खाली घालायला जाड काहीतरी हवंच. त्यानंतर रान सुकतं. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात दिवसचे दिवस आगी धुमसत होत्या, हे तुम्हाला आठवत असेल. म्हादई अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय तंबू घालता येत नाही, तिथे चूल पेटवायचा तर विचारही नको. ओळखीच्या माणसाच्या बागायतीत, घरापासून हाकेच्या अंतरावर राहा. तेही जमत नसेल तर काणकोणला खोतीगावच्या अभयारण्यात वन खात्याची कॉटेजं आहेत. चार वर्षांच्या मुलाला तेही रानच वाटेल.

एक गोष्ट आधी लिहायला हवी होती. सत्तरीत माकडताप आहे. गोचिडीतून येतो, आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे मी सांगितलेल्या महिन्यांत तो सुरू होतो. मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे, विजार मोज्यात खोचलेली, पाल्यात लोळू द्यायचं नाही, घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे नीट बघायचं. जवळपास माकड मेलेलं दिसलं किंवा गावात कोणी तसं बोललं तर बेत रद्द करा. परतल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "आम्ही सत्तरीच्या रानात होतो" हे आपणहून सांगा.

मोबाईलला रेंज कुठपर्यंत येते ते दिवसा चालत जाऊन बघून ठेवा आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे करून लावा.

आणि पोचल्यावर तंबू पिशवीतून बाहेर काढायच्या आधी त्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की चवथीला पाणी कुठवर चढलं होतं. तो हात करून दाखवेल. त्याच्या हाताच्याही वर तंबू घाला.