पायावरच्या फुगलेल्या शिरांना ऑपरेशन लागतंच का?
प्रत्येकाला नाही. पायातलं रक्त वर चढताना मागे घसरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. त्या ढिल्या पडल्या की रक्त साचून शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात. हेच व्हेरिकोज व्हेन्स. त्रास थोडाच असेल तर रोज चालणं, पाय उंचावर ठेवणं आणि दाब देणारे स्टॉकिंग्ज पुरतात. फक्त त्याने झडप दुरुस्त होत नाही, हे लक्षात असू द्या. घोट्याजवळची त्वचा काळवंडली किंवा जखम भरेना, तर मात्र डॉपलर सोनोग्राफी (शिरांतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी तपासणी) करून घ्या. हल्ली बहुतेकदा लेसर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीच्या (रेडिओलहरींच्या) उष्णतेने शीर आतून बंद करतात, बारीक शिरांना इंजेक्शन देतात. (शीर बंद केल्यावर रक्त जाणार कुठून? खोलवरच्या शिरांतून, मुख्य वाट तीच.) एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आत गुठळी असू शकते.