एकाच टाकीचं पाणी प्यायलं, मग एकाचेच पाय का लुळे पडले?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे मज्जातंतूंना इजा होऊन हातपाय लुळे पडणारा आजार) साथ आली, तेव्हा एकाच सोसायटीत कुणाला काहीच झालं नाही, कुणाला दोन दिवस जुलाब झाले आणि कुणी थेट व्हेंटिलेटरवर गेलं, असं कसं, हे तुम्ही विचारलंय. मी पुण्यातच मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून लिहिते.

त्या साथीत एनआयव्हीला (पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था) पेशंटच्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस हा जुलाब-उलट्या करणारा विषाणू. कॅम्पिलोबॅक्टर लॅबमध्ये वाढवणं जिकिरीचं. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन त्याला सोसत नाही, पाचेक टक्केच लागतो, आणि तापमान ४२ अंश. कोंबडीचं अंग साधारण तेवढंच गरम असतं, आणि तिच्या आतड्यात तो बहुतेक वेळा तिला काही त्रास न देता राहतो. दोनेक दिवसांनी प्लेटवर करड्या, चपट्या, ओलसर वसाहती दिसतात, ओढलेल्या रेघेच्या कडेने पसरत गेलेल्या. स्लाइडवर पाहिलं तर उडत्या पक्ष्याच्या पंखांसारखे बारीक, बाकदार जंतू.

माणसाच्या पोटात मात्र हाच जंतू शेपटीच्या जोरावर गरगरत आतड्याच्या चिकट थरात घुसतो आणि आतल्या पेशी दुखावतो. काहीशे जंतूसुद्धा त्याला पुरतात. जुलाब होतात ते यामुळे.

पाय लुळे पडतात ते पेशंटच्या स्वतःच्या अँटिबॉडींमुळे. या जंतूच्या आवरणावर शर्करेच्या साखळ्या असतात. काही वाणांत (जंतूच्या उपप्रकारांत) त्यांना सियालिक आम्ल जोडलेलं असतं आणि ती साखळी आपल्या मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइडसारखीच (शर्करा जोडलेल्या स्निग्ध रेणूसारखीच) दिसते. शरीर जंतूविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि त्याच जाऊन मज्जातंतूंना चिकटतात. याला एक ते तीन आठवडे लागतात. तोवर जुलाब विसरायलाही झालेले असतात, कल्चरमध्ये (नमुन्यातला जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) बरेचदा काही उगवत नाही, आणि अँटिबायोटिकने मज्जातंतू भरून येत नाहीत.

म्हणजे तसा वाण पोटात जायला हवा, पुरेशा संख्येने जायला हवा, आणि नेमकी तीच अँटिबॉडी त्या शरीरात तयार व्हायला हवी. एवढं सगळं जुळून येणं दुर्मीळच. कॅम्पिलोबॅक्टरची लागण झालेल्या साधारण हजारात एकाला जीबीएस होतो. त्याच टाकीचं पाणी प्यायलेले बाकीचे निभावले ते म्हणून.

जीबीएस माणसाकडून माणसाला लागत नाही, तेव्हा पेशंटच्या घरच्यांना टाळू नका, त्यांना आधाराची फार गरज असते. पाणी उकळून प्या, चिकन आतपर्यंत शिजवा. आणि जुलाब थांबल्यावर काही दिवसांनी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना पाय उचलेनात, तर त्याच दिवशी आयसीयू असलेलं हॉस्पिटल गाठा. इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी शिरेतून देणं) किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलण्याचा उपचार अशक्तपणा सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत उपयोगी पडतो.