दूध-अंड्याविना, न तळता छोटे गोल डोनट: ओटीजी आणि अप्पेपात्रातला अनुभव

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलीला दुधाची ॲलर्जी आहे, घरात अंडी आणत नाहीत आणि तळण टाळायचे आहे; अशा वेळी घरच्या ओटीजीमध्ये (ओव्हन-टोस्टर-ग्रिलरमध्ये) छोटे गोल डोनट कसे करावेत? आपण दोनदा प्रयत्न केला. पहिल्या खेपेला ते रबरासारखे चिवट झाले, दुसऱ्या खेपेला मऊ झाले पण सोड्याचा वास आणि साबणासारखी चव आली. मिनी मफिनचा साचा नाही, बिडाचे अप्पेपात्र मात्र आहे, असेही आपण लिहिले आहे. मी गोव्यात फोंड्याला राहते आणि गेली काही वर्षे हा पदार्थ घरी करते आहे. त्यामुळे आधी आपल्या दोन्ही फसलेल्या खेपांची कारणे सांगते आणि मग माझे प्रमाण देते.

डोनटचे दोन प्रकार असतात. एक यीस्टने फुगवलेल्या कणकेचा आणि दुसरा केकसारख्या पातळ पिठाचा. तळायचे असेल तर यीस्टचा प्रकार उत्तम, कारण गरम तेलात पडताच त्याला खरपूस पापुद्रा येतो आणि आतला भाग हलका राहतो. तीच कणीक ओव्हनमध्ये भाजली की मात्र तिचा गोड पाव होतो. पाव वाईट असतो असे नाही. पण सकाळी दारात पदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल वाजते त्या गावात, डोनट म्हणून छोटा गोड पाव घरी भाजण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. म्हणून ओव्हनसाठी मी केकचा प्रकारच निवडते. आपला पहिला घाणा चिवट झाला त्याचे मूळही बहुधा इथेच आहे. आपण पीठ पाच मिनिटे हँड मिक्सरने फेटले असे लिहिले आहे. मैद्यात पाणी पडले आणि तो घोळला गेला की त्यातले ग्लुटेन हे प्रथिन ताणून जाळीदार होते. पावाला ते हवे असते, पण इथे त्याच जाळीमुळे गोळे चिवट होतात. ओले आणि कोरडे जिन्नस एकत्र केल्यावर लाकडी चमच्याने पंधरा-वीस वेळा ढवळणे पुरेसे असते. पिठात बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात.

सोड्याच्या वासाचे कारण अधिक सरळ आहे. खाण्याच्या सोड्याला आंबट पदार्थाची जोड लागते. ती मिळाली नाही तर ओव्हनच्या उष्णतेत सोडा थोडाफार वायू सोडतो खरा, पण मागे धुण्याच्या सोड्याचाच भाऊबंद उरतो आणि त्याची साबणासारखी चव जिभेवर रेंगाळते. आपण अर्धा चमचा सोडा घातला आणि आंबट काहीच घातले नाही. नेहमीच्या कृतींत ते काम दही किंवा ताक करते. दूध वगळताना आपण दही वगळले आणि त्याच्यासोबत आंबटपणाही गेला. गोव्यात यावर उपाय स्वयंपाकघरातच असतो: माडाचे व्हिनेगर. पाव चहाचा चमचा सोड्यासाठी एक मोठा चमचा व्हिनेगर असे प्रमाण ठेवले तर भाजल्यावर ना सोड्याचा वास उरतो ना व्हिनेगरचा.

आता प्रमाण. माझ्या अप्पेपात्रात एका वेळी बारा गोळे होतात, आणि खालच्या जिनसांत साधारण चोवीस, म्हणजे दोन घाणे, निघतात. दीडशे ग्रॅम मैदा, ऐंशी ग्रॅम पिठीसाखर, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा, पाव चमचा मीठ आणि अर्धा चमचा ताजे किसलेले जायफळ हे सगळे एकत्र दोनदा चाळून घ्यावे. दुसऱ्या भांड्यात एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटे बाजूला ठेवावी. ती बुळबुळीत, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी दाट होते आणि पीठ बांधून ठेवण्याचे काम तीच करते. त्यात १२० मिलिलिटर नारळाचा दाट रस, दोन मोठे चमचे तेल आणि एक मोठा चमचा माडाचे व्हिनेगर घालावे.

जायफळाबद्दल थोडे अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही. केकसारख्या डोनटला जो ओळखीचा गंध असतो, तो बहुतेक वेळा व्हॅनिलाचा नसून जायफळाचा असतो. व्हॅनिला इसेन्स घातलेले गोळे छान लागतात, पण ते कपकेकसारखे लागतात. आमच्या भागातल्या कुळागरांत, म्हणजे बागायतींत, पोफळी, माड आणि मिरवेलीबरोबर जायफळाची झाडेही असतात, त्यामुळे ते अख्खे, कवचासकट मिळते. कवच फोडून बी बारीक किसणीवर किसावे. दळलेल्या पुडीचा गंध पाकीट उघडल्यावर लवकरच उडतो.

नारळाचा रस शक्यतो घरी काढावा. एका नारळाचा चव अर्धी वाटी कोमट पाण्यात वाटून फडक्यातून पिळला की जो पहिला रस येतो, तोच वापरावा. दुसरा, पातळ रस आमटीला ठेवावा. बाजारातली नारळाच्या दुधाची पावडर आणणार असाल तर पाकिटाच्या मागची यादी अवश्य वाचा, कारण अनेक पावडरींत सोडियम केसिनेट घातलेले असते आणि ते दुधातलेच प्रथिन आहे. आपल्या मुलीला ॲलर्जी असल्यामुळे ही गोष्ट केवळ तत्त्वाची राहत नाही. तसेच पाकिटावरचे हिरवे चिन्ह पाहून निश्चिंत होऊ नये; ते शाकाहारी पदार्थाचे चिन्ह आहे आणि दूध, लोणी, मावा घातलेल्या पदार्थांवरही तेच असते. व्हीगन, म्हणजे दूध-अंड्यासह प्राण्यांपासूनचे काहीच नसलेल्या, पदार्थांसाठी भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्वतंत्र नियम आणि स्वतंत्र चिन्ह आणले, पण बेकिंगच्या सामानावर मला ते अजून फारसे दिसत नाही. मार्गरीन आणि गडद चॉकलेट या दोन वस्तूंत दुधाचा अंश असण्याची शक्यता बरीच असते.

भाजण्याची रीत अशी. ओटीजीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कॉइल चालू करून १८० अंशांवर तापवताना अप्पेपात्र आतच ठेवावे, म्हणजे बीड चांगले तापते आणि पीठ पडताच तळाला रंग धरू लागते. पात्राची मूठ लाकडी किंवा प्लॅस्टिकची असेल आणि ती निघत नसेल तर ते पात्र ओव्हनमध्ये मुळीच ठेवू नये. ओले आणि कोरडे जिन्नस मात्र पात्र तापल्यानंतरच एकत्र करावेत. सोडा आणि व्हिनेगर भेटताक्षणीच बुडबुडे सुटू लागतात आणि ते आपली वाट पाहत थांबत नाहीत. मला हे एका जूनमध्ये चांगलेच कळले. पीठ कालवून झाले, पात्राला तेल लावले आणि पहिल्या मोठ्या सरीबरोबर वीज गेली. ती पाऊण तासाने आली तोवर पिठावरचे बुडबुडे बसून गेले होते. तरीही हट्टाने भाजले, आणि बारा गुळगुळीत, जड गोट्या बाहेर आल्या. बेकिंग पावडरचा काही भाग उष्णतेवर काम करतो म्हणून त्या थोड्या तरी फुगल्या, एवढेच. त्याच कारणाने आपल्याला दोन घाणे करायचे असतील तर कोरडे आणि ओले जिन्नस आधीच निम्मे-निम्मे वाटून ठेवावेत आणि दुसऱ्या घाण्याचे पीठ पहिला घाणा बाहेर आल्यावरच कालवावे.

प्रत्येक खळगा पाऊण भरावा. दहा ते बारा मिनिटांत गोळे वरून फुगून घुमटासारखे होतात. खालचा अर्धा भाग खळग्याचा आणि वरचा स्वतःचा, त्यामुळे आकार अगदी चेंडूसारखा नसला तरी गोल दिसतो. आठव्या मिनिटाला काडीने उलटवले तर वरची बाजूही तपकिरी होते, पण ओटीजीचे दार उघडले की उष्णता जाते, म्हणून मी हल्ली उलटवत नाही. मधोमध खुपसलेली काडी कोरडी आली की लगेच काढावेत. तळलेल्या डोनटमध्ये तेल शिरलेले असते, म्हणून तो दोन मिनिटे जास्त झाला तरी मऊ राहतो. भाजलेला गोळा दोन मिनिटांत कोरडा पडतो. आपल्या ओटीजीचा आकडा खरा आहे असे गृहीत धरू नका. माझ्या ओटीजीमध्ये वेगळा तापमापक ठेवून पाहिला तेव्हा १८०च्या जागी जवळपास दोनशे अंश निघाले, आणि तोवर मी दोष मैद्याला देत होते.

ज्या पायरीमुळे हा पदार्थ डोनट वाटतो, ती ओव्हनबाहेरची आहे. गोळे हातात धरता येतील इतपत निवाले की त्यांना ब्रशने कोमट खोबरेल तेल लावावे आणि लगेच दालचिनीची पूड मिसळलेल्या बारीक साखरेत घोळवावे. तळणातून मिळणारी स्निग्धता इथे बाहेरून द्यावी लागते. तेल न लावता साखर चिकटत नाही आणि चवही अर्धवट राहते. साधारण चोवीस अंशांखाली हे तेल घट्ट होते, म्हणून डिसेंबरच्या सकाळी बाटली गरम पाण्यात धरावी लागते. खोबरेल तेलाचा गंध नको असेल तर रिफाइंड खोबरेल घ्यावे, पण नारळाच्या रसात भिजलेल्या पिठाला तो गंध खटकतो असे मला कधी वाटले नाही.

पावसाळ्यात मात्र ही साखर तासाभरात ओली होते. हवेतले पाणी साखर शोषून घेते आणि आपल्याकडच्या जुलैच्या हवेत पाण्याची कमतरता नसते. म्हणून त्या दिवसांत गोळे कोरडेच डब्यात ठेवावेत आणि खायच्या वेळी तीन-चार मिनिटे १६० अंशांवर गरम करून मगच तेल लावून घोळवावेत. पिठातही एखादा चमचा रस कमी करावा, कारण उघड्या डब्यातला मैदा आधीच दमट झालेला असतो.

साखरेऐवजी दुसरा लेप मला अधिक आवडतो. पन्नास ग्रॅम माडाचा काळा गूळ तीन चमचे नारळाच्या रसात मंद आचेवर विरघळवून, चमच्याला चिकटेल इतका आटवावा आणि त्यात गोळे बुडवून जाळीवर ठेवावेत. आळेबेळेच्या, म्हणजे गूळ-खोबरे भरलेल्या गोड घावनाच्या, सारणाचीच ती चव. पिठातही साखरेऐवजी हा गूळ घालून पाहिला होता, तेव्हा गोळे गडद आणि जड झाले. लेपातच तो शोभतो.

एक प्रयोग आपण करू नये म्हणून सांगते. पूर्वी पदेर पावाची कणीक सुरेने, म्हणजे माडाच्या ताडीने, फुगवत आणि सान्नांत (तांदळाच्या इडलीसारख्या पदार्थात) सूर आजही घालतात, म्हणून मी एकदा रेंदेराकडून (माडाची सूर काढणाऱ्याकडून) सकाळची ताजी सूर आणून व्हिनेगर, सोडा आणि बेकिंग पावडरऐवजी वापरली. रात्रभर पीठ छान फुगले, भाजल्यावर सुगंधही आला. सासूबाईंनी एक गोळा मोडून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, ह्या तर सान्ना. साखर कशाला लावतेस?" त्यांचे म्हणणे खरे होते, दुपारी ते गोळे आम्ही टोणकाबरोबर, म्हणजे मसालेदार रश्श्याबरोबर, संपवले.

मुलीच्या डब्यासाठी करणार असाल तर आदल्या संध्याकाळी भाजून पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावेत, नाहीतर वाफ धरते. घट्ट डब्यात ते बाहेर एक दिवस आणि फ्रीजमध्ये तीन दिवस चांगले राहतात. फ्रीजमधले गोळे गरम केल्याशिवाय देऊ नयेत, कारण गार असताना ते घट्ट लागतात.