नव्या होडीला नाव काय द्यावे आणि जहाजांच्या नावांमागे खरोखर काही गोष्टी असतात का?

आपल्या मामांनी उजनीच्या फुगवट्यात चालवण्यासाठी नवी होडी घेतली असून तिला नाव काय द्यावे, आणि मोठ्या जहाजांच्या नावांमागे काही कथा असतात की ती सुचतील तशी ठेवली जातात, असे आपण विचारले आहे. मी सोलापूरचा असल्यामुळे या प्रश्नाला उत्तर देण्याचा मोह आवरत नाही, कारण भारतीय जहाजांमधील माझ्या मते सर्वांत चमत्कारिक नावाची गोष्ट समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आमच्याच गावात जन्मलेल्या एका माणसाशी जोडलेली आहे.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. १९१९ मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजी आदी भागीदारांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे असलेली एक जुनी आगबोट विकत घेतली. इंग्लंडमध्ये बांधली गेली तेव्हा या बोटीचे नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, म्हणजे थेट व्हिक्टोरिया राणीचा किताब होता आणि ती कॅनडातील एका कंपनीसाठी प्रशांत महासागरात ये-जा करत असे. पहिल्या महायुद्धात माधवराव शिंदे यांनी ती घेतली, जखमी हिंदी सैनिकांसाठी तिचे तरंगते रुग्णालय केले आणि नाव बदलून ‘लॉयल्टी’ ठेवले; ही निष्ठा कोणावर, हे त्या काळी कोणाला विचारावे लागत नव्हते. पुढे ५ एप्रिल १९१९ रोजी इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देत हीच बोट मुंबईहून लंडनला निघाली, तेव्हाही तिच्यावर राजनिष्ठेचेच नाव होते. त्या प्रवासाची आठवण म्हणून ५ एप्रिल हा आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन मानला जातो. बोटीला मात्र आयुष्य थोडेच उरले होते आणि १९२३ मध्ये ती मोडीत निघाली.

सिंदिया कंपनीने पुढे आपल्या बोटींना ‘जल’ने सुरू होणारी नावे दिली. तिच्या विशाखापट्टणमच्या गोदीत बांधलेली ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. स्वातंत्र्याला वर्षही झाले नसताना पहाटेचे नाव निवडणाऱ्याला दाद द्यावी लागते. जहाजावरचे नाव जहाजाच्या उपयोगाचे नसते, ते वाचणाऱ्यासाठी असते, असे मला या दोन नावांकडे पाहून वाटते.

कोकण किनाऱ्यावर हे अधिक स्पष्ट दिसते. तेथील एका स्वदेशी कंपनीने उतारूंना बोट आपली वाटावी म्हणून संतांची नावे वापरली. त्यांपैकी ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. समर्थांच्या नावाने उतारूंचा विश्वास मिळवता आला, पण पावसाळ्यातील लाटांपुढे त्याचा काही उपयोग झाला नाही.

रंगवलेले नाव लोक स्वीकारतीलच, असेही नाही. १८८८ च्या नोव्हेंबरमध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली एक आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. तिचे अधिकृत नाव ‘वैतरणा’ होते. परंतु तिच्यावर विजेचे दिवे असल्यामुळे सामान्य लोक तिला ‘विजळी’ म्हणत आणि आजही गुजरातेत ती त्याच नावाने ओळखली जाते.

नौदलाची पद्धत वेगळी आहे. तेथे निवृत्त झालेल्या नौकेचे नाव नव्या नौकेला दिले जाते, म्हणूनच १९६१ मध्ये दाखल झालेल्या ‘विक्रांत’चे नाव २०२२ मध्ये पुन्हा समुद्रावर आले. (किनाऱ्यावरील तळांनाही तेथे नौकेसारखीच नावे देतात, त्यामुळे लोणावळ्याच्या डोंगरात ‘आयएनएस शिवाजी’ आहे.)

आता आपल्या मामांच्या होडीविषयी. पंढरपूरला चंद्रभागेच्या पात्रात वारकऱ्यांना विष्णुपदाकडे नेणाऱ्या होड्यांना विठ्ठलाचे किंवा पुंडलिकाचे नाव शोभते, कारण बसणारा भक्तीनेच आलेला असतो. उजनीवर पक्षी पाहायला येणारे पर्यटक असतील किंवा पलीकडच्या गावाला जाणारे शेतकरी असतील, तर या काठावरून त्या काठाला हाक मारता येईल असे दोन-तीन अक्षरी नाव बरे पडेल. आजीचे नाव असल्यास उत्तम, कारण त्याची गोष्ट सांगायला मामा स्वतः होडीत असतील. देवाचे नाव दिले तरी माझा आक्षेप नाही. मात्र नाव रंगवणाऱ्याकडूनच, नावाइतक्याच ठळक अक्षरांत, होडीत जास्तीत जास्त किती माणसे बसवायची तो आकडाही लिहून घ्यावा.