आउटलुकमध्ये मेल विस्कटतो, कारण आत वर्ड बसलाय

ताई, तुमचा प्रश्न वाचला. नौपाड्यातून ऐरोलीतल्या कंपन्यांच्या एचआरना दिवाळी फराळाचा मेल धाडलात. जीमेलमध्ये देखणा दिसला, पण त्यांच्याकडे चकलीचा फोटो पडदाभर आणि ‘ऑर्डर द्या’चं बटण जाऊन नुसती निळी लिंक. डिझायनरवर फार चिडू नका. त्याने मेल वेबसाइटसारखा बांधला, एवढंच.

विंडोजवरचं क्लासिक आउटलुक (कॉम्प्युटरवर बसवलेलं जुन्या पद्धतीचं) २००७ पासून मेल दाखवायला ब्राउझरचं नाही, वर्डचं इंजिन (कोड वाचून पान मांडणारा भाग) वापरतं. फ्लेक्स, मॅक्स-विड्थ, बॅकग्राउंड इमेज ही वेबसाइटच्या मांडणीची साधनं त्याच्या गावीही नसतात. त्याला कळतं ते टेबल. म्हणून ६०० पिक्सेलचं एकच टेबल, एका खाली एक ओळी, आणि सीएसएस (रंग, आकार सांगणारा कोड) प्रत्येक टॅगमध्येच लिहिलेलं, असं करायला सांगा. फोटोची रुंदी विड्थ अ‍ॅट्रिब्यूटमध्ये आकड्याने द्या, नाहीतर तो मूळ आकारात पसरतो. तुमच्या चकलीचं तेच झालं. बटणाचा रंग आणि पॅडिंग (अक्षरांभोवतीची मोकळी जागा) लिंकला न देता टेबलाच्या सेलला द्या. गोल कोपरे मिळणार नाहीत. चालतंय की!

मराठी मेलची दुखणी मात्र इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडत नाहीत. तयार टेम्प्लेटमध्ये बऱ्याचदा ‘एमएसओ-लाइन-हाइट-रूल: एक्झॅक्टली’ अशी, ओळीची उंची आकड्याला पक्की बांधणारी ओळ असते. रोमन अक्षरांना ती चालून जाते. आपल्या वेलांट्या-मात्रांचे शेंडे छाटले जातात. ती काढाच, आणि १६ पिक्सेलच्या अक्षराला २६ची लाइन-हाइट ठेवा. फॉन्टच्या यादीत निर्मला यूआय आणि मंगल असू द्या. वेबफॉन्ट (इंटरनेटवरून उतरवायचा फॉन्ट) जीमेल घेत नाही.

दुसरं दुखणं वजनाचं. जीमेल १०२ केबीच्या पुढचा एचटीएमएल, म्हणजे मेलचा कोड आणि मजकूर, कापतं (फोटो यात धरत नाहीत). यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना-मात्राही वेगळे मोजले जातात. ‘फराळ’चे झाले १२. काही टूल अक्षरांचे आकडी कोड करून ठेवतात, मग तोच शब्द २८ बाइटचा. शेपटी कापली गेली की तळाची अनसबस्क्राइबची लिंक दिसत नाही, आणि वैतागलेला माणूस सरळ स्पॅमचं बटण दाबतो.

‘मग सगळा मेल एका चित्रातच टाकू’ हा मोह टाळा. घोडबंदर रोडच्या एका बिल्डरसाठी मी तो प्रताप करून बसलोय. ऑफिसच्या आउटलुकने चित्रं अडवली आणि लोकांना दिसली एक रिकामी चौकट. ऑल्ट टेक्स्टही (चित्र न दिसल्यास त्या जागी दिसणारा मजकूर) दिला नव्हता. भाव, तारीख, फोन नंबर अक्षरांतच लिहा.

आणि एचआरची मंडळी तुमचा मेल स्टाफला फॉरवर्ड करतात ना? क्लासिक आउटलुकमधून फॉरवर्ड करताना वर्ड सगळा कोड स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लिहितं. तेव्हा पाठवण्याआधी ऐरोलीतल्याच एखाद्या ओळखीच्याला मेल धाडा, त्याच्या आउटलुकमधून स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करून घ्या आणि तो मोबाइलवर उघडून बघा. तिथे बटण दाबता आलं तर पाठवा बिनधास्त.